धावपट्टी लहानच राहू द्या

गावाबाहेरच्या लहान धावपट्टीविषयी आपल्याकडे एक ठरीव तक्रार आहे. निवडणुका जवळ आल्या की तिला कंठ फुटतो आणि निकाल लागला की ती विरते. जमीन गेली, कुंपण पडले, कमान उभी राहिली, पण विमान कुठे आहे? इथे विमान म्हणजे तिकीट काढून बसायचे आणि तासाभरात मुंबईला उतरवणारे. बाकीची जी उडतात ती हिशेबातच नाहीत. मग पुढची मागणी ओघानेच येते. धावपट्टी लांबवा, टर्मिनल बांधा, ‘उडान’ योजनेत घाला. आणि हे जमत नसेल तर कुंपण काढून टाका, प्लॉट पाडा, उद्योगांना द्या.

या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, पण दोन्ही एकाच समजुतीतून निघतात: प्रवासी विमानसेवा नसलेला विमानतळ म्हणजे बंद विमानतळ. ही समजूत साफ चुकीची आहे. तिच्यापायी आपण चालू असलेल्या धावपट्ट्या मोडीत काढतो आणि न चालणाऱ्यांवर पैसा ओततो.

धुळ्याचे उदाहरण घ्या. शहराजवळ गोंदूरला धावपट्टी आहे. तिथून कोणतेही प्रवासी विमान सुटत नाही, त्यामुळे ‘धुळ्याला विमानतळ नाही’ असे खुशाल म्हटले जाते. पण तिथे बॉम्बे फ्लाइंग क्लब मुलामुलींना विमान चालवायला शिकवतो. हा क्लब 1928 सालचा आहे. जे. आर. डी. टाटांनी 1929 मध्ये भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळवला, तो याच क्लबमध्ये शिकून. जुहूला जन्मलेल्या या क्लबला शिकवण्यासाठी धुळे का गाठावे लागले? कारण मुंबईच्या आकाशात नवशिक्याला जागा उरलेली नाही. सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळावर तासाला चाळीसहून अधिक विमाने चढतात-उतरतात. त्यांच्या मधोमध एखाद्या विद्यार्थ्याने सेसना घेऊन उतरण्याचा दहावा प्रयत्न करावा, असे कोणी म्हणणार नाही. तो प्रयत्न गोंदूरला करायचा असतो. शिकाऊ विमान एका टनाच्या आसपास वजनाचे असते आणि हजार-बाराशे मीटरची पट्टी त्याला भरपूर होते. व्यावसायिक वैमानिक व्हायला आपल्या नियमाप्रमाणे 200 तासांचे उड्डाण लागते. हे दोनशे तास कुठल्यातरी आकाशात भरावेच लागतात.

ते आपल्या आकाशात भरता आले नाहीत, तर मुले परदेशात जातात. अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, फिलिपिन्स. तिथली फी, राहणे, जेवणखाण, शिवाय परत येऊन इथल्या परीक्षा आणि परवान्याचे सोपस्कार. घरचा जमिनीचा तुकडा किंवा फ्लॅट गहाण टाकून शिकलेली मुले मराठी घरांतही आहेत. 2023 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 1,622 व्यावसायिक परवाने दिले. तो तेव्हापर्यंतचा उच्चांक होता. त्याच वर्षी एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांच्या मागण्या नोंदवल्या. एका विमानामागे दहा-बारा वैमानिक लागतात, हा हिशेब कोणीही करून पाहावा. आणि मग ठरवावे की या देशाला आणखी एक संगमरवरी टर्मिनल हवे आहे, की जिथे सकाळी सहापासून शिकाऊ विमाने घिरट्या घालू शकतील अशी आणखी दहा साधी मैदाने.

जगात सर्वाधिक विमान प्रवास ज्या देशात होतो त्या अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत. त्यांपैकी वेळापत्रकाप्रमाणे प्रवासी विमाने जातात ती साधारण पाचशे ठिकाणी. म्हणजे दहांतले नऊ विमानतळ आपल्या व्याख्येप्रमाणे ‘बंद’. तिथे फवारणी करणारी, रुग्ण नेणारी, वणव्यावर पाणी टाकणारी, शिकणारी आणि शिकवणारी विमाने उतरतात. त्यांची देखभाल मोठ्या प्रमाणात विमान प्रवाशांच्या तिकिटावरील करातून जमलेल्या केंद्रीय निधीतून होते आणि तिथल्या गावांना त्यात काही कमीपणा वाटत नाही. कोणी म्हणेल, अमेरिकेची गोष्ट वेगळी, तिथे माणशी जमीन किती आणि पैसा किती! मान्य. तिची नक्कल करा असे मी म्हणत नाही. पण विमानाच्या बाबतीत सतत अमेरिकेकडे बोट दाखवणाऱ्यांनी त्या देशातले नऊ-दशांश विमानतळ तरी पाहिल्यावाचून सोडू नयेत.

आता ‘उडान’कडे, म्हणजे लहान शहरांना विमानाने जोडण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेकडे येऊ. कल्पना वाईट नव्हती. 2017 च्या एप्रिलमध्ये शिमला ते दिल्ली या मार्गावर योजनेतले पहिले विमान उडाले. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये भाडे, कंपनीचा तोटा तीन वर्षे सरकारने भरून काढायचा, त्यासाठी मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर अधिभार. तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, अशी आशा. महालेखापालांनी 2023 मध्ये या आशेचा हिशेब मांडला. पहिल्या तीन फेऱ्यांत मंजूर झालेल्या 774 मार्गांपैकी 403 मार्गांवर विमान उडालेच नाही. जे 371 मार्ग सुरू झाले त्यांतल्या 112 मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली. मुदतीनंतर, सरकारी टेकू काढल्यावर, 2023 च्या मार्चमध्ये चालू होते ते 54. शंभरातले सात.

हे आकडे बिहारचे किंवा ईशान्येचे असतील, आपले नसतील, असे समजून समाधान मानणाऱ्यांसाठी चिपी आहे. सिंधुदुर्गाच्या माळावर अडीच किलोमीटरची धावपट्टी आणि टर्मिनल बांधून 9 ऑक्टोबर 2021 रोजी मोठा समारंभ झाला. एकाच मंचावर कोण कोण बसले आणि कोण काय बोलले, याची चर्चा विमानापेक्षा जास्त दिवस चालली. ‘उडान’खाली मुंबईचे विमान सुरू झाले. मध्यंतरी 2023 च्या जानेवारीत शेजारी गोव्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला, आणि सावंतवाडीचा माणूस तिकडे जाऊ लागला. त्याला दोष कसा द्यावा? 2024 च्या ऑक्टोबरमध्ये चिपीची तीन वर्षे भरली आणि मुंबईचे विमान थांबले. पुढे दुसऱ्या कंपनीने दुसरी सेवा आणली, तिला शुभेच्छाच आहेत. पण इतका खर्च करून जो विमानतळ एका कंपनीच्या मर्जीवर आणि एका अनुदानाच्या तारखेवर टांगलेला राहतो, त्याला ‘चालू’ म्हणायचे आणि गोंदूरला ‘बंद’, हे कुठले मोजमाप? शाळेच्या मैदानाची किंमत तिथल्या सामन्यांच्या तिकीटविक्रीवरून करण्यातला हा प्रकार.

सोलापूरची कथा तर मराठी माणसाने मुळातून समजून घ्यावी अशी आहे. होटगी रस्त्यावरची धावपट्टी जुनी. तिथे नेत्यांची आणि उद्योजकांची लहान विमाने उतरत. जवळच श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची नव्वदेक मीटर उंच चिमणी होती. प्रवासी विमानसेवेला ही चिमणी अडथळा ठरली. तिच्या परवानगीचा वाद वर्षानुवर्षे चालला, न्यायालयापर्यंत गेला. शहर दोन तटांत विभागले गेले: एका बाजूला विमान मागणारे, दुसऱ्या बाजूला उसाचे सभासद शेतकरी. 15 जून 2023 रोजी मोठ्या पोलीस बंदोबस्तात ती चिमणी पाडली. काही सेकंदांत ती कोसळतानाची दृश्ये सगळ्यांनी पाहिली, टाळ्याही वाजल्या.

आणि विमान? 29 सप्टेंबर 2024 रोजी विमानतळाचे दूरस्थ पद्धतीने उद्घाटन झाले. त्या दिवशीही प्रवासी विमान नव्हते. पहिले नियमित विमान उडाले 9 जून 2025 रोजी, चिमणी पडल्यानंतर जवळपास दोन वर्षांनी, आणि तेही गोव्याला. दरम्यान मुंबईची ‘वंदे भारत’ रेल्वे 2023 च्या फेब्रुवारीपासून आठवड्यातून सहा दिवस सोलापुरातून सुटत होती. चिमणी बेकायदा होती की नव्हती या वादात मी पडत नाही, तो न्यायालयाचा विषय. प्रश्न प्राधान्यक्रमाचा आहे. ती चिमणी उभी असतानाही लहान विमाने सोलापुरात उतरत होती. बहात्तर आसनांच्या विमानाचा आग्रह धरला नसता, तर हजारो ऊस उत्पादकांचा कारखाना आणि शहराचे आकाश यांत कुस्ती लावायची वेळ आली नसती.

इथे हमखास एक वाक्य कानावर येते: विमान आले की उद्योग येतो. ते इतक्या सहजपणे म्हटले जाते की कोणी पुरावा मागत नाही. लातूरला 1991 पासून धावपट्टी आहे, पुढे ती लांबवलीही. तिथे नियमित प्रवासी सेवा टिकली नाही. तरी रेल्वेचा डबे बनवण्याचा कारखाना लातूरला आला. तो रुळांमुळे, जमिनीमुळे आणि राजकीय निर्णयामुळे आला. उलट 2016 च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा धावपट्टी जागेवरच होती. उद्योगाला पाणी, वीज, रस्ता आणि कुशल माणूस लागतो. त्यानंतर विमान. आधी कळस मग पाया रचण्याची आपली खोड जुनी आहे.

आता दुसऱ्या बाजूचा मारा. ‘लहान विमाने म्हणजे श्रीमंतांची हौस आणि पुढाऱ्यांची सोय, त्यासाठी सरकारी जमीन कशाला?’ या आक्षेपात दम आहे, आणि त्याला उडवून लावणारे धावपट्टीचे मित्र नव्हेत. पुढारी उतरतात हे खरे. सभेसाठी भाड्याने घेतलेले विमान येते, गाड्यांचा ताफा आत शिरतो, तासाभराने सगळे निघून जाते आणि गावाच्या पदरात धूळ पडते. पण यावर उपाय जागा मोडणे हा नाही. योग्य उतरणावळ घेणे आणि कोण उतरले हे जाहीर करणे हा आहे. रस्त्यावरूनही पुढाऱ्यांचे ताफे जातात, म्हणून आपण रस्ते उखडत नाही.

आणि ज्या दिवशी रस्ता नसतो त्या दिवसाचा विचार करा. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापुराने वेढले. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला. अशा वेळी कोल्हापूरची उजळाईवाडीची धावपट्टी बचाव आणि मदतकार्याला उपयोगी पडली. तिथे किती आसनांचे विमान रोज येते, हा प्रश्न त्या आठवड्यात कोणी विचारला नाही.

रुग्णांचे घ्या. हवाई रुग्णवाहिका आज महाराष्ट्रात ज्याच्या खिशात काही लाख रुपये आहेत त्याच्यासाठीच आहे, हे सत्य लपवण्यात अर्थ नाही. पण शेजारच्या मध्य प्रदेशाने 2024 मध्ये ‘पीएम श्री’ हवाई रुग्णवाहिका सेवा सुरू केली. त्यात आयुष्मान कार्ड असलेल्या रुग्णाला पैसे पडत नाहीत. एक हेलिकॉप्टर, एक विमान, आणि जिल्ह्या-जिल्ह्यातल्या त्याच दुर्लक्षित हवाईपट्ट्या. असे विमान उतरायला टर्मिनल लागत नाही, सामानाचे सरकते पट्टे लागत नाहीत. सपाट, स्वच्छ, गुरेढोरे न शिरणारी पट्टी लागते आणि वाऱ्याची दिशा सांगणारे कोणीतरी लागते. यवतमाळचा किंवा धाराशिवचा भाजलेला कामगार, डोक्याला मार लागलेला तरुण, वेळेआधी जन्मलेले बाळ यांना यातून काय मिळू शकते, हे आपल्या आरोग्य खात्याने बसून ठरवावे. ‘श्रीमंतांची हौस’ गरिबाच्या कामाला लावता येते, हे शेजाऱ्याने करून दाखवले आहे. आपण मात्र फिती कापण्याच्या तारखा ठरवतो आहोत.

लहान विमानांचे दोषही सांगितले पाहिजेत. बहुतेक पिस्टन इंजिनाची विमाने जे पेट्रोल वापरतात त्यात आजही शिसे असते, लिटरला अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिकच जाऊ शकते. मोटारीच्या पेट्रोलमधून आपण ते कधीच हद्दपार केले. धावपट्टीला लागून शाळा किंवा वस्ती असेल तर ही चिंता खरी आहे. पण तिचे उत्तर माहीत आहे: जेट इंधनावर चालणारी शिकाऊ विमाने मिळतात, डायमंड कंपनीची काही विमाने याच इंधनावर उडतात. नव्या उड्डाण शाळेला सरकारी पट्टी देताना अशा विमानांना सवलत द्या. आवाजाचा त्रास असतो, त्यासाठी घिरट्यांचा मार्ग वस्तीवरून वळवता येतो आणि दुपारची विश्रांती ठरवता येते. हे तांत्रिक प्रश्न आहेत, त्यांवर भांडता येते.

अपघातांचा प्रश्न मात्र अधिक जड आहे. 2021 च्या जुलैत जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात शिकाऊ विमान कोसळून प्रशिक्षकाचा जीव गेला. 2023 च्या मार्चमध्ये गोंदियाजवळच्या बिरसीहून उडालेले शिकाऊ विमान बालाघाटच्या डोंगरात पडले आणि प्रशिक्षक व विद्यार्थिनी दोघेही गेले. ‘शिकताना होतेच’ असे म्हणून हे गिळता येणार नाही. पण लहान विमानतळांवरचा पैसा कुठे जातो ते पाहा. दर्शनी इमारतीला निधी मिळतो. हवामान मोजणाऱ्या स्वयंचलित केंद्राला, अग्निशमनाच्या गाडीला, रेडिओवर बसणाऱ्या प्रशिक्षित माणसाला मिळत नाही. डोळ्यांनी पाहून उडायचे तर पाच किलोमीटर दृश्यमानता लागते. ती आहे की नाही हे धावपट्टीवरून खात्रीने सांगणारे उपकरण नसेल, तर वैमानिक अंदाजावर येतो. कमानीवर झालेल्या खर्चात हे सगळे बसले असते.

जमिनीविषयी थोडे. कराडची धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या काळातली, लहान आणि तिच्या कामापुरती पुरेशी. ती लांबवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा वारुंजी, मुंढे, केसे या गावांतल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. कृष्णा-कोयनेच्या काठची बागायती जमीन, पाणी उपसा योजना, घरे. मला हा विरोध शंभर टक्के रास्त वाटतो. गंमत अशी की या शेतकऱ्यांना ‘विकासविरोधी’ म्हणणारे आणि धावपट्टीला ‘ओसाड’ म्हणणारे बहुधा एकच असतात. धावपट्टी आहे तेवढीच ठेवली तर शेतकऱ्याचा बांधही वाचतो आणि धावपट्टीचे कामही चालू राहते.

आणि ‘प्लॉट पाडा’ म्हणणाऱ्यांना एवढेच: सव्वा किलोमीटर लांब, सरळ, अडथळा नसलेली सार्वजनिक जमीन एकदा तुकड्या-तुकड्यांनी गेली की ती पुन्हा कोणत्याही किमतीला मिळत नाही. जुहूच्या भोवती आज काय उभे आहे, हे जाऊन पाहा. जमीन खासगी हाती दिल्यावर आपोआप विकास होतो हा भ्रमही आपण अनुभवाने फेडलेला आहे. 2009 च्या सुमारास नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या पाच विमानतळांचा ताबा रिलायन्सच्या विमानतळ कंपनीकडे 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने गेला. पंचाण्णव वर्षे म्हणजे चार पिढ्या. अपेक्षित विकास झाला नाही, आणि सरकारवरच ते परत घेण्याची भाषा करण्याची वेळ आली.

अमरावतीजवळ बेलोऱ्याला 2025 च्या एप्रिलमध्ये मुंबईचे विमान सुरू झाले आणि त्याचे स्वागत दणक्यात झाले. त्याच विमानतळावर एअर इंडियाची वर्षाला 180 वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था ठरली आहे. बातम्यांमध्ये मथळा पहिल्या गोष्टीला मिळाला. मला दुसरी अधिक मोलाची वाटते. अनुदान संपल्यावर प्रवासी विमान दुसरीकडे वळवता येते. शाळा, तिचे वसतिगृह, तिचे अभियंते आणि कार्यशाळा अशी रातोरात हलत नाही. मात्र त्या शाळेत अमरावतीचे, मेळघाटचे किती विद्यार्थी असतील, हा प्रश्न आत्ताच विचारला पाहिजे. सरकारी धावपट्टी वापरणाऱ्या प्रत्येक उड्डाण शाळेने जिल्ह्यातल्या काही मुलामुलींना बिनफी शिकवावे, ही अट करारात लिहून घेण्याइतकी ताकद सरकारजवळ नक्की आहे. इच्छा आहे का, ते दिसेलच.

तेव्हा ज्यांच्या तालुक्यात अशी धावपट्टी आहे त्यांना एक विनंती. पुढच्या वेळी पालकमंत्री आले की ‘मुंबईचे विमान कधी?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. त्याऐवजी गेल्या वर्षभरात धावपट्टीवर कोण, किती वेळा आणि कशासाठी उतरले, किती उतरणावळ भरली आणि किती थकली, याची नोंदवही मागा. हवामान केंद्र आणि अग्निशमनाची गाडी आहे का ते विचारा. दोन्ही नसतील तर टर्मिनलचा एकही रुपया मंजूर होऊ देऊ नका. माहितीचा अधिकार आहे, अर्जाला दहा रुपये लागतात.